वही पोरांच्या हाती द्या
(फैजपूर येथे भरलेल्या युवा स्वयंसेवकांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



 पहाटेच्या गाडीनं भुसावळला उतरलेल्यांना आमच्या इथल्या थंडीचा प्रत्यय आलाच असेल. आज रात्री पंगतीला भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. संकोच करू नका, पोटभर जेवा.

या गावात स्वागताध्यक्ष म्हणून उभं राहायचं तर मनावर दडपण येतं. 1936 च्या डिसेंबरात इथं राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. गांधीजींचा आग्रह होता की सगळं काही खेड्यातल्या सामानातून आणि खेड्यातल्या हातांनी उभं राहावं. शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू-तट्ट्यांतून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं. नेहरूंची मिरवणूक सहा बैलजोड्यांच्या रथातून निघाली. ही हकिगत आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ आहे.

आज मला मात्र त्या वेळच्या कार्यकर्त्यांबद्दल बोलायचं आहे. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यातली नोकरी सोडून चळवळीत आले होते. अधिवेशन फैजपूरला पेलेल असा विश्वास त्यांनी या भागातल्या माणसांत निर्माण केला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले साने गुरुजी त्या दिवसांत खान्देशात गावोगाव फिरले. सफाईच्या कामाला अप्पासाहेब पटवर्धन होते. त्यांच्या हाताखाली सुशिक्षित घरांतली पोरं चर खणत होती आणि मैला उचलत होती. जातीची उतरंड हाडीमाशी भिनलेल्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. झेंडा चढवताना दोरी अडकली आणि तो मध्येच थांबला, तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण त्या उंच खांबावर चढला आणि त्यानं झेंडा मोकळा केला. माझे आजोबा बैलगाडीवर पाण्याची टिपं वाहायला होते. ते सांगायचे, "आमच्या रांगेच्या गाड्या माझ्या भरवशावर होत्या. एक गाडी उशिरा आली तर जाब मला होता." तेव्हा आजोबा एकोणीस वर्षांचे होते. नव्वदी जवळ आली तरी ही गोष्ट सांगताना ते ताठ बसायचे.

जाब मला होता. या तीन शब्दांसाठीच मी आज इथं उभा आहे.

मित्रहो, सेवेतून तरुण घडवण्याचे प्रयोग महाराष्ट्राला नवे नाहीत. 1941 साली पुण्यात राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. संध्याकाळी मैदानावर खेळ आणि गाणी, नंतर अभ्यासमंडळ, एवढाच त्याचा पसारा होता. पण पुढच्याच वर्षी बेचाळीसची चळवळ आली आणि शाखा चालवणारी हीच पोरं ठिकठिकाणी पुढे झाली. शाखेवर कोण आलं, कोण नाही, का आलं नाही, याची चौकशी करत घरोघर जायची सवय त्यांना आधीच लागलेली होती. बाबा आमट्यांनी विदर्भातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 2006 पासून तरुणांसाठी 'निर्माण' हा उपक्रम. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हा देशातली 37 विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी तिच्यात होते. आज ती देशभरातल्या कॉलेजांत पसरली आहे. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा शिरस्ता आपल्याला माहीत आहे.

अशाच एका शिबिराची गोष्ट सांगतो. मी कॉलेजात होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर आमचं शिबिर होतं. नाल्यावर दगडी बांध घालायचं ठरलं होतं. आम्ही साठ जणांनी सात दिवस दगड वाहिले. हातांना फोड आले, रात्री शेकोटीभोवती गाणी झाली. समारोपाला पाहुणे आले, भाषणं झाली, बांधापुढे उभं राहून फोटो निघाला. मी घरी परतलो तो छाती फुगवून.

पुढच्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नासाठी त्या बाजूला जाणं झालं, म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून नाल्यावर गेलो. बांध नव्हता. पहिल्याच मोठ्या पावसात नाल्यानं कड बदलली आणि सगळे दगड खाली लोटून नेले. तिथं एक म्हातारी शेळ्या चारत होती. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "पाणी कुठून वळतं ते मी सांगितलं असतं रे बाबा. तुम्ही कोणी विचारलंच नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही कष्टात कसूर केली नव्हती. पण बांधाची जागा आम्ही ठरवली नव्हती, खर्चाची वही आमच्याजवळ नव्हती, आणि पावसाळ्यानंतर तिकडे फिरकायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. आमच्याकडे नुसते दगड होते. जाब कोणालाच नव्हता.

मग आम्ही चौघे मित्र त्या वर्षी दर रविवारी सायकलींवर त्या पाड्यावर जाऊ लागलो. म्हातारीनं काठीनं रेघ ओढून जागा दाखवली. पाड्यावरची माणसं आमच्या बरोबरीनं राबली. तारेचे आणि सिमेंटचे पैसे आम्ही गोळा केले. आमच्यातला सगळ्यांत अबोल पोरगा वही सांभाळायचा आणि दर रविवारी काम संपलं की सगळ्यांना बसवून ती मोठ्यानं वाचायचा. एकदा सतरा रुपयांचा मेळ लागेना. दिवेलागण झाली तरी तो उठला नाही आणि आम्हालाही उठू दिलं नाही. शेवटी चूक सापडली, तेव्हाच तो हसला. तो बांध टिकला. पुढे तो अबोल पोरगा त्याच्या गावचा सरपंच झाला, आणि ग्रामसभेत जमाखर्च वाचल्याशिवाय त्यानं कधी सभा संपवली नाही. हे त्याला कुठल्या व्याख्यानानं शिकवलं नव्हतं.

म्हणून संस्था चालवणाऱ्या माझ्या समवयस्कांना आज हात जोडून सांगतो. आपण पोरांना झाडू देतो, टोपी देतो, प्रमाणपत्र देतो. चावी देत नाही. कार्यक्रम कुठं घ्यायचा, कोणाला बोलवायचं, पैसा कसा खर्चायचा, हे आपण ठरवतो आणि खुर्च्या उचलायला पोरांना बोलावतो. त्यातून चांगले मदतनीस तयार होतात, पुढारी तयार होत नाहीत. मग गावात नवी माणसं पुढे येत नाहीत म्हणून आपणच कुरकुरतो. ग्रामपंचायतीला उभं राहायला कायद्यानं एकवीस वर्षं पुरतात. आपल्या संस्थांच्या कार्यकारिणीत एकविशीतलं कोण आहे, ते आज घरी गेल्यावर प्रत्येकानं पाहावं. मुलगी आहे का, तेही पाहावं. पोरं चुकतील. चुकू द्या. सतरा रुपयांची चूक विशीत सापडलेली बरी.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्याकडूनही माझी एकच अपेक्षा आहे. शिबिर संपल्यावर त्या गावात परत जा. पहिल्या पावसानंतर जा. तिथं जे वाहून गेलेलं दिसेल, तोच तुमचा खरा अभ्यासक्रम समजा. मात्र जाल तेव्हा शेळ्या चारणाऱ्या म्हातारीला आधी विचारा.

या संमेलनापुरतं आम्ही स्वागत समितीनं जे केलं ते सांगून थांबतो. निवास, पंगत, मांडव आणि पैसा ही चारही खाती आम्ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडे सोपवली आहेत. धनादेशावर सह्या आमच्या आहेत, पण निर्णय त्यांचे आहेत. काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या, पण तक्रार माझ्याकडे आणू नका, त्यांच्याकडे न्या. उद्या समारोपाच्या आधी त्यांच्यातली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी या व्यासपीठावरून दोन दिवसांचा पै-पैचा जमाखर्च वाचून दाखवणार आहे. गाडीची घाई असली तरी तेवढं ऐकून जा.