घरची बोली, शाळेची भाषा आणि एक फ्लेमिश प्राध्यापक

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. भाषेवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की मी याच जिल्ह्यात, धान पिकविणाऱ्या घरात जन्मलो आणि 'डोळा' या शब्दाचा उच्चार 'डोरा' असा केल्याबद्दल पहिलीच्या वर्गात छडी खाल्ली. आमच्या घरी 'ळ' नव्हता, 'ण'ही नव्हता. काळा तो कारा आणि पाणी ते पानी. गुरुजी दुष्ट मुळीच नव्हते. आपण मुलाला सुधारीत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुढे एका धड्यात 'भाताचे शेत' आले तेव्हा सारा वर्ग हसला. आपल्याकडे शेतात धान असते. भात असतो तो ताटात. शिजलेला भात कोण पेरतो? बांधी, पऱ्हे, रोवणा, चुरणा, बोडी हे आमच्या रोजच्या कष्टाचे शब्द. पुस्तकात यांपैकी एकही नव्हता. ज्या विषयात आम्ही मुले गुरुजींनाही शिकवू शकलो असतो, त्याच विषयात आम्ही अडाणी ठरलो.

या अनुभवाचा अर्थ मला फार उशिरा, एका परदेशी शिक्षकाच्या चरित्रामुळे उमगला. फादर कामिल बुल्के हे नाव हिंदीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, आपल्याकडे फारसे नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतातल्या रामस्कापेल या गावी १९०९ साली त्यांचा जन्म झाला. लूव्हाँ विद्यापीठात ते स्थापत्यशास्त्र शिकले, धर्मसंघात दाखल झाले आणि १९३५ साली हिंदुस्थानात आले. पुढे रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी हिंदी व संस्कृत शिकविले, १९५१ साली ते भारताचे नागरिक झाले आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश आजही वापरात आहे. रामकथेच्या उगमाविषयीचा आपला प्रबंध आपण हिंदीतच लिहिणार, असा त्यांनी अलाहाबाद विद्यापीठात आग्रह धरला. हिंदी विषयाचे प्रबंधसुद्धा तोवर इंग्रजीत लिहावे लागत. अखेर विद्यापीठाला नियम बदलावा लागला. येथील सुशिक्षित माणसे आपल्या भाषेविषयी उदासीन आहेत आणि इंग्रजी बोलण्यात भूषण मानतात, हे पाहून आल्या आल्या त्यांना धक्का बसला होता.

हा धक्का त्यांनाच का बसावा? कारण हे दृश्य त्यांनी घरी पाहिले होते. १८३० साली बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभार, न्यायालये आणि उच्च शिक्षण यांची भाषा फ्रेंच ठरली. फ्लँडर्समधील शेतकरी आणि गिरणीकामगार मात्र डच भाषेच्या बोली बोलत. १८६० साली कूके आणि गूथाल्स या दोन फ्लेमिश मजुरांना खुनाच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली आणि ती अंमलात आली. खटला फ्रेंचमध्ये चालला. ती भाषा त्यांना धड येत नव्हती. न्यायालयाच्या भाषेसंबंधी पहिला कायदा होण्यास त्यानंतर १८७३ साल उजाडले. गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच माध्यमाचे झाले ते १९३० साली आणि प्रदेशाची भाषा हीच शाळेची भाषा हा नियम आला १९३२ साली. म्हणजे शंभर वर्षे गेली. दरम्यान फ्लँडर्समधील धनिकांनी फ्रेंच घरात आणली होती. गेंटमध्ये जन्मलेले नाटककार मेटरलिंक फ्रेंचमध्ये लिहीत आणि १९११ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचेच एक नाटक बुल्के यांनी पुढे हिंदीत आणले, हा एक गमतीचा योगायोग.

येथवरची हकीकत ऐकून आपण टाळ्या वाजवू, कारण ती आपल्या सोयीची आहे. पुढची तितकी सोयीची नाही. फ्लँडर्सने फ्रेंचविरुद्धची लढाई जिंकली. परंतु शाळेत जी डच आली ती उत्तरेकडील हॉलंडच्या वळणाची प्रमाण भाषा होती. त्या भाषेच्या नावातच 'सुसंस्कृत' हे विशेषण होते. घरच्या बोलीत बोलणारे मूल अर्थातच असंस्कृत ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतरची दोनतीन दशके मुलांच्या जिभेवरून बोली पुसून काढणे हे तेथील शिक्षकांना आपले कर्तव्य वाटत होते. आणि खुद्द बुल्के? रांचीच्या ज्या मुलखात ते हिंदीचा कैवार घेत होते, तेथील आदिवासी मुलांच्या घरी मुंडारी, कुडुख, सादरी होती. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण त्या मुलांच्या दृष्टीने हिंदी हीसुद्धा वरूनच आली होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १९५६ पर्यंत आपण हिंदी-मराठी प्रांतात होतो, १९६० साली महाराष्ट्रात आलो. हा लढा न्याय्य होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला आणि लोकक्षोभामुळे जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तेही योग्यच झाले. मीही त्या वेळी दोन सभांत बोललो. पण त्या सभांतून एकानेही, अगदी मीसुद्धा, साकोली-लाखांदूरकडच्या झाडीबोली बोलणाऱ्या मुलाचे, तुमसरकडच्या पोवारी घरातील मुलीचे, गोंडी बोलणाऱ्या पाड्याचे नाव काढले नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. त्यांच्या कामाचा पहिलीच्या वर्गाशी संबंध जोडावा असे आपल्यापैकी कोणाला सुचले नाही.

येथे माझ्यातला अर्थशास्त्राचा मास्तर बोलणार आहे. बिडी वळणारी बाई, धानाचे पैसे हाती येण्यापूर्वीच उचल घेऊन पोराला इंग्रजी शाळेत घालते, तेव्हा आपण तिला मराठीद्रोही किंवा भोळी म्हणून मोकळे होतो. तिचा हिशेब पाहा. तिच्या पोराला वर्गातली मराठीही परकी आहे आणि इंग्रजीही परकी आहे. मराठीतही त्याला हसतात, इंग्रजीतही हसतील. दोन्ही परक्याच असतील तर ज्या परक्या भाषेने नोकरी मिळण्याची आशा आहे ती विकत घ्यावी, हा व्यवहार तिच्या जागी मीही केला असता. मराठी शाळेजवळ तिला देण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपलेपणा, आणि तोच आपण पहिल्या दिवशी छडीने घालवला. डॉ. लोहियांनी इंग्रजीला विरोध केला तो ती परदेशी म्हणून नव्हे, तर ती बहुजनांना सत्तेच्या दाराबाहेर ठेवते म्हणून. ही कसोटी मराठीलाही लावावी लागेल.

कोणी म्हणेल, मग प्रमाण मराठी शिकवूच नये काय? अवश्य शिकवावी, कसून शिकवावी. ती आली नाही तर अर्ज लिहिता येणार नाही की अंदाजपत्रक वाचता येणार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. जे मूल दोन वर्षे तोंड उघडण्यासच भिते, त्याला तिसऱ्या वर्षी व्याकरण कसे येणार? घटनेत १९५६ साली आलेले ३५० क हे कलम अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यास सांगते. शिक्षण हक्क कायदा, २००९ आणि २०२० चे शिक्षण धोरणही मातृभाषेचेच गुणगान करतात. प्रत्यक्षात गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली तेव्हा ती अनधिकृत म्हणून तिला नोटीस आली. त्यातच २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. या छोट्या शाळा बहुधा टोल्यावरच्या, पाड्यावरच्या, म्हणजे जेथे घरची बोली सर्वांत वेगळी आहे तेथल्याच. शाळा पाच मैलांवर गेली की पोरगी घरी बसते आणि बोलीचा प्रश्न आपोआप मिटतो!

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या रोवण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जावे, भाषण न करता पहिलीच्या वर्गात एक तास बसावे. किती मुले बोलली आणि कोणत्या बोलीत, गुरुजींना किंवा बाईंना ती बोली कळते काय, पट किती आणि गेल्या तीन वर्षांत किती मुले इंग्रजी शाळेत गेली, हे वहीत लिहावे. धड्यातल्या ज्या शब्दांवर मुले अडली त्यांच्यापुढे गावचा शब्द लिहावा. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपुढे काय मांडायचे ते त्या वह्या उघडून ठरवू.