शेजारची घोडी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला. आपल्या लष्कराला नाव मिळाले ते त्यावरून. आमचे पणजोबा पागेवर होते, असे आपल्यातल्या कितीतरी घरांत सांगतात. पागा गेल्या. घोडी मात्र शहरात अजून दिसते, ती वरातीत. आज तिच्याविषयी बोलायचे आहे आणि आमच्या एका चुकीविषयीही.

शहराबाहेरच्या आमच्या जागेत आम्ही एक घोडी पाळली आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पत्र्याखाली एका घोडीवाल्याने आपली पांढरी घोडी आणून बांधली. आषाढ सरला, श्रावण लागला आणि तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. खूर वाढून पुढे वळले होते, पायांखाली चिखल होता. दिवसभर ती आखूड दोरीला उभी. घोडा का अडला, भाकरी का करपली, हे कोडे आपण लहानपणी घालत असू. ‘न फिरवल्यामुळे’ हे त्याचे उत्तर रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

आमच्या घोडीला चंदी घातली की ती कुंपणावरून मान लांब करी. आम्हांला राहवेना. एका संध्याकाळी मालक नाही असे पाहून आम्ही भिजवलेल्या हरभऱ्याची बादली तिच्यापुढे ठेवली. तिने ती बघता बघता संपवली. पुण्य केल्याच्या समाधानात आम्ही झोपलो.

पहाटे ती जमिनीवर लोळत होती. उठे, पायाने माती उकरी, वळून पोटाकडे पाही, पुन्हा पडे. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे खाल्लेले बाहेर टाकायचा मार्गच नसतो. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. दुपारपर्यंत ती वाचेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. ती वाचली. डॉक्टरांनी आम्हांला बजावले, की उपाशी घोड्यापुढे एकदम दाणा ठेवणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. आधी स्वच्छ पाणी, मग चांगले वाळलेले गवत, थोडे थोडे, दिवसातून अनेकदा. दाण्याची पाळी पुढे, तीही मुठीमुठीने.

घोडीवाला आला. तो भांडेल असे वाटले होते. तो तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “साब, चौमासे में बारात कहाँ? और बारात नहीं तो दाना कहाँ से?”

देवशयनी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. त्या चार महिन्यांत कमाई नाही आणि भूक तेवढीच. आम्ही दीड महिना कुंपणापलीकडे पाहून हळहळत होतो, पण त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. घोडे पेंड खात होते ते इथेच.

मग बोलणे झाले. त्याने पैसे घेतले नाहीत. गवत आम्ही आणायचे आणि दोन्हीकडची लीद त्याने उचलायची, असे ठरले. आमचा नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतो, तो तिचेही खूर कापू लागला. धनुर्वाताची लस टोचली, जंताचे औषध दिले. डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत तिची बादली, खरारा, दोरी सारे वेगळे ठेवले. ग्लँडर्ससारखा रोग एका घोड्याकडून दुसऱ्याला जातो, माणसालाही होतो. म्हणून शेजारच्या घोड्याची काळजी घेणे ही आपल्या घोड्याचीही काळजी असते.

प्रत्येक मालक असा समजूतदार भेटेल असे नाही. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११ व्या कलमात, पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर तारखेसह फोटो काढावेत, पशुवैद्याचे मत घ्यावे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. तो मार्ग आहेच. पण सुरुवात मालकाच्या दारापासून करावी.

एक विनंती. चौमासा अजून निम्मा उरला आहे. ज्यांच्या घरी तुळशीच्या लग्नानंतर कार्य आहे, त्यांनी घोडी आताच ठरवावी आणि आगाऊ रक्कम आताच द्यावी. मार्गशीर्षात दिलेल्या रुपयापेक्षा भाद्रपदात दिलेला रुपया घोडीच्या पोटात लवकर जातो. ठरवताना तिचे खूर पाहावेत, जीन उचलून पाठीवर जखम नाही ना हे पाहावे. घोडीवाल्याला त्याचा राग येत नाही. कोणी विचारतो आहे, याचे त्याला बरे वाटते.

शेजारच्या घोडीचा एक खूर अजून नीट झालेला नाही. आज आरती झाल्यावर आम्ही तिला गवत टाकायला जाणार आहोत, आणि आता मालकाला सांगूनच जातो.

गणपती बाप्पा मोरया!