नस सुकली म्हणण्याआधी



अध्यक्षानं आधी आयोजकांचे आभार मानावेत आणि मग स्वतःच्या अपात्रतेबद्दल दोन वाक्यं बोलावीत, असा आपल्याकडे रिवाज आहे. आभार मनापासून मानतो. अपात्रतेचा पुरावा माझ्या दवाखान्याच्या पाटीवरच आहे. तिच्यावर 'न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट' असं लिहिलंय आणि चंद्रपुरात इतकी वर्षं काढूनही ते कुणी एका दमात वाचल्याचं मला आठवत नाही. सिरोंच्याकडच्या एका आजीबाईंनी शेवटी माझं बारसंच करून टाकलं: 'डोळ्याच्या मागचा डॉक्टर'. शास्त्राची याहून नेमकी व्याख्या मला पाठ्यपुस्तकातही सापडलेली नाही.

डोळ्याच्या मागे काय असतं? दहा-बारा लाख तंतूंची एक नस, आणि तिच्या पलीकडे मेंदू. आपल्या शिबिरांत या मागच्या मुलखाला एकच वाक्य मिळतं. टॉर्च मारायचा, भिंग पांढरं दिसलं तर नाव मोतीबिंदूच्या यादीत. भिंग स्वच्छ आणि तरी नजर नाही, तर 'बाबा, मागची नस सुकली', की पुढचा माणूस. हे वाक्य मीही म्हटलंय, एका दिवसात दहा-दहा वेळा म्हटलंय. ते खोटं नसतं, सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही हेही खरं. पण ती एका रात्रीत सुकत नाही. सुकण्याआधी ती बोलते, आणि ते आपल्या यंत्राशी नव्हे, रुग्णाशी बोलते. आपण विचारलं नाही तर तो सांगत नाही, कारण ते सांगण्यासारखं असतं हेच त्याला ठाऊक नसतं.

मूल तालुक्यातला एक पन्नाशीचा गडी चष्म्याच्या नंबरासाठी आला होता. क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या. पडदा तपासला, स्वच्छ होता. उठता उठता म्हणाला, "डॉक्टरसाहेब, यंदा पळस मळकाच फुलला जी." मी हसलो. मग हसू विरलं. टेबलावर थेंबाच्या बाटलीचं लाल झाकण होतं. ते त्याच्या एकेका डोळ्यापुढे धरलं आणि रंग विचारला. उजव्या डोळ्यानं म्हणाला, "विटेसारखा." डाव्यानं म्हणाला, "चहासारखा." खिडकीबाहेरचा पळस लालभडक होता. तो मळका दिसत होता एथॅम्ब्युटॉलमुळे.

हे औषध क्षयाच्या उपचारात हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पूर्वी नव्या रुग्णाला ते पहिले दोन महिने मिळायचं. रोजच्या गोळ्यांची पद्धत आल्यापासून ते सहाही महिने चालतं. किडनी कमजोर असेल तर धोका वाढतो. आधी जातो तो रंग, त्यातही बहुधा लाल-हिरवा. अक्षरं नंतर जातात. आणि पडदा तोवर अगदी निरोगी दिसतो, म्हणून आपण फसतो. क्षयाच्या डॉक्टरांशी बोलून औषध बदललं तर बरेचदा नजर काही महिन्यांत परतते. रुग्णानं आपल्या मनानं गोळ्या बंद करणं मात्र अजिबात नको, तो दुसरा घात. गोळ्या देणाऱ्या ताईच्या पिशवीत एक लाल झाकण असावं, एवढंच माझं मागणं आहे. सोबत दोन प्रश्नही असावेत: तंबाखूचा खर्रा किती, आणि दारू कोणती? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यावर या सभागृहात जितकी डोकी तितकी मतं असतील. मला एवढंच ठाऊक आहे की मिथाइल अल्कोहोल मिसळलेल्या दारूला नस सुकवायला दोन दिवस पुरतात.

आता वरोऱ्याकडे वळतो. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभं राहिलं. ती कहाणी आपण नेहमी झडलेल्या बोटांतून आणि त्याच हातांनी पिकवलेल्या शेतातून सांगतो, डोळ्यांतून क्वचितच. खरं तर कुष्ठरोग हा आपल्या मातीतला सर्वांत जुना डोळ्यामागचा आजार. जंतू कातडीत दिसतो, पण त्याचा मुक्काम नसांत असतो. गालावर चट्टा असेल आणि तो एकाएकी लाल होऊन सुजला, तर चेहऱ्याच्या नसेची पापणीकडे जाणारी फांदी मरू शकते. पापणी मिटत नाही. वैद्यकात या अवस्थेला सशाच्या डोळ्याचं ग्रीक नाव आहे, कारण ससा डोळे उघडे ठेवून झोपतो अशी त्या लोकांची समजूत होती. त्याच वेळी बुबुळाची संवेदना नेणारी दुसरी नस बधिर झालेली असते. म्हणजे मळणीच्या दिवसांत धानाचं कूस उघड्या डोळ्यात शिरतं आणि माणसाला काही कळत नाही. डोळा लाल होतो, पण दुखत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण येत नाही. येतो तेव्हा बुबुळावर पांढरी फुली असते.

२००५ च्या अखेरीस देशात कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ इतकाच होता की दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. आमच्या पेशानं मात्र त्याचा अर्थ असा घेतला की आता हे शिकवायची गरज नाही. नवे रुग्ण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून निघतात आणि तरुण डॉक्टरांना पापणी तपासता येत नाही. तपासणी अशी: "डोळे घट्ट मिटा" असं सांगू नका. घट्ट मिटताना माणूस उरलंसुरलं बळ लावतो आणि फट लपते. "झोपल्यासारखे हलकेच मिटा" म्हणा, मग खालून पट्टी लावून फट मोजा. दुबळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर प्रेडनिसोलोननं नस परत येऊ शकते. त्यानंतर शस्त्रक्रियाच.

त्या शस्त्रक्रियेत कानशिलाच्या स्नायूची एक पट्टी कातडीखालून काढून दोन्ही पापण्यांतून नाकाशेजारच्या कोपऱ्यापर्यंत ओवतात. हा चावण्याचा स्नायू. त्याची नस वेगळी, कुष्ठरोग तिला सहसा हात लावत नाही. मग रुग्णाला शिकवायचं: दात आवळ, डोळा मिटेल. माझ्या एका रुग्णाला हे जमायला दीड महिना लागला. पुढे तो सांगायचा की खर्रा सुटला तो यामुळेच, कारण चघळताना समोरचा माणूस सारखा अंधारात जायचा.

आता नसेच्या पलीकडे, मेंदूच्या मलेरियाबद्दल एकच गोष्ट. आफ्रिकेतल्या मलावी देशात, मेंदूचा मलेरिया म्हणून दगावलेल्या ३१ मुलांची शवविच्छेदनं झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापून आले. ७ मुलांचा मृत्यू दुसऱ्याच कारणानं झाला होता. जिवंतपणी हा फरक दाखवू शकणारी खूण एकच होती, ती डोळ्याच्या पडद्यावर. भामरागड-एटापल्लीच्या बाजूचं तापानं बेशुद्ध झालेलं मूल वॉर्डात असेल, तर बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला बोलवावं, आणि आम्ही ओपीडी संपायची वाट न बघता जावं. पर्लकोटा नदीच्या पुरात दोन दिवस अडकून ते मूल इथवर आलेलं असतं. त्यापुढे आमची ओपीडी काय मोठी.

शेवटी मण्यार. रोवणीच्या दिवसांत दमलेलं घर जमिनीवर झोपतं. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, दाताची खूणही बरेचदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो आणि डोळे जड होतात. घरचे म्हणतात, झोप पुरी झाली नाही. अशा माणसाला छताकडे बघत राहायला सांगा. मिनिटभरात पापण्या खाली येऊ लागल्या, तर ती झोप नाही, विष आहे. ज्या गावात एमआरआय कधी पोहोचणार नाही तिथेही ही तपासणी आशाताई करू शकते. प्रतिविष तेव्हाच द्यायचं. विषानं नसेची टोकं एकदा निकामी केली की प्रतिविष त्यांना उठवू शकत नाही. मग टोकं नव्यानं तयार होईपर्यंत माणसाला श्वास देत राहावं लागतं, कधी कधी कित्येक दिवस.

सिंदेवाहीकडची चौदा वर्षांची एक मुलगी. मला बोलावलं ते बाहुल्या तपासायला. दोन्ही पूर्ण मोठ्या, उजेडाला हलत नव्हत्या. हातपाय लुळे. व्हेंटिलेटर सुरू. खाटेजवळ उभं राहून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं की आता काही उरलं नाही, घरच्यांना सांगून टाकू. पुस्तकात मेंदू मेल्याचं जे चित्र असतं, ते हुबेहूब समोर होतं. पण मण्यारीचं विष बाहुलीलाही लुळं करतं, हेही पुस्तकातच असतं, थोडं पुढच्या पानावर. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव." सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पांघरूण मी बाजूला केलं. डाव्या पायाचा अंगठा हलत होता, कणभर.

अकराव्या दिवशी नळी निघाली. तिला सगळं आठवत होतं, कोण काय म्हणालं तेसुद्धा. मी विचारलं, "मी अंगठा हलव म्हटलेलं ऐकू आलं होतं?"

"आलं होतं जी," ती म्हणाली. "पण मी त कवाचीच हालवून रायली होती."