पठ्ठे बापूराव : एकदा नीट ऐकू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज लावणीवर बोलणार, हे कळल्यावर काहीजणींनी नाके मुरडली, असे माझ्या कानांवर आले आहे. त्यांच्यावर माझा राग नाही. लावणी म्हणजे पुरुषांच्या बैठकीतली चीज, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो.

पण ज्या कवीविषयी मी बोलणार आहे, तो आपल्याच मातीतला. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव १८६६ साली वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी जन्मले. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे बापूराव दोन्ही जिल्ह्यांचे!

घरचे कुलकर्णीपण सोडून हा ब्राह्मणाचा मुलगा फडात उभा राहिला. स्वतः कवने रचायची आणि स्वतःच गायची. त्यापायी आप्तस्वकीय दुरावले. १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

त्यांचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण ऐकले कितीजणींनी? एखादी सुटी लावणी कानांवरून जाते आणि तेवढ्यावर आपण मत देतो. हे म्हणजे पानातली चटणी चाखून स्वयंपाक तिखट म्हणण्यासारखे झाले! तमाशाला क्रम असतो. आधी गण, म्हणजे गणरायाला वंदन. मग गवळण, पुढे लावणी आणि शेवटी वग. गणातली भक्ती ऐकल्यावाचून लावणीतल्या शृंगाराचे माप कळत नाही.

गवळण तर आपण बायकांनी मुद्दाम ऐकावी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची कृष्ण वाट अडवतो. वाट अडवली तर खाली मान घालून निघून जावे, असे आपल्याला शिकवले गेले. गौळण मात्र मान वर करून जाब विचारते, आणि वर हसवतेही!

शब्द बापूरावांचे खरे. पण त्यांच्या फडाला रंग चढवला तो पवळाने. पूर्वी फडात स्त्रीचे काम नाच्या पोऱ्या करी. महार समाजातली ही गुणी बाई स्वतः पायांत चाळ बांधून उभी राहिली. लोकांनी तिचे गाणे डोक्यावर घेतले आणि या जोडीला नावेही ठेवली. कवीचे नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते, म्हणून ते टिकते. गाणारणीचे नाव आपण आठवणीने घ्यावे लागते. ते आज या सभेत घेते.

माझी एक सूचना आहे. बापूरावांच्या रचना पुढच्या गायक-गायिकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. पुढच्या सभेत गण, गवळण, लावणी या क्रमाने त्या ऐकू या. एकदा शब्दांसाठी, दुसऱ्यांदा ढोलकी-तुणतुण्यासाठी आणि तिसऱ्यांदा मागे उभे राहून झील धरणाऱ्यांसाठी. मधे बोलायचे नाही, विणकामही बाजूला ठेवायचे!

आवडले नाही, तर तसे खुशाल म्हणावे. मात्र ऐकून म्हणावे. ज्याने गाण्यापायी घरदार सोडले आणि जिने गाण्यापायी बोल सोसले, त्यांचे एवढे देणे आपण लागतो.