नाव सांगण्याची तालीम

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



डॉक्टरी, इंजिनिअरिंग आणि बँकेच्या परीक्षांविषयी येथे पुष्कळ बोलून झाले आहे. माझ्याकडे आलेला विषय जरा निराळा आहे. नाटक, आकाशवाणी, मालिका किंवा चित्रपट यांसाठी जी ऑडिशन, म्हणजे निवडचाचणी, होते तेथे स्वतःची ओळख कशी करून द्यावी, हा तो विषय. तो ऐकून काही पालकांच्या कपाळावर उमटलेली आठी मला येथून दिसते आहे. मुलाने त्या वाटेला जावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मात्र जायचेच ठरले, तर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय घडते ते जाणून जावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोव्याकडे आरामनगर नावाची वस्ती आहे. तेथे कलाकार निवडणाऱ्यांची अनेक कार्यालये आहेत. उमेदवाराला कॅमेऱ्यासमोर उभे करतात. नाव, वय, उंची, गाव विचारतात. चेहरा समोरून, मग डावीकडून आणि उजवीकडून पाहतात. संवादाची पाळी त्यानंतर येते. हल्ली पुष्कळदा हे सारे घरीच मोबाईलवर चित्रित करून पाठवायला सांगतात. विद्यार्थ्यांचा समज असा की परिचय हा केवळ उपचार, खरी परीक्षा संवादाची. मला हे पटत नाही. संवाद सुरू झाला की तुम्ही दुसरे कोणी तरी असता. तुम्ही स्वतः कसे आहात हे पाहण्याची निवडणाऱ्याची संधी तेवढ्या परिचयापुरतीच. म्हणून तेथे अभिनय करू नये. उसना भारदस्त आवाज लावणारा मुलगा पहिल्याच वाक्यात ओळखू येतो.

आता माझ्या वर्गातले निरीक्षण सांगतो. दरवर्षी आठवीच्या नव्या मुलांना मी उभे राहून पूर्ण नाव सांगायला लावतो. स्वतःचे नाव बहुतेक जण ठीक उच्चारतात. आडनाव येताच आवाज खाली जातो. परकार असो, मुकादम असो वा शेख, शेवटची अक्षरे बाकाखाली गळून पडतात. ज्याचे नाव ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावे लागते, त्याची पहिली छाप तेथेच अर्धी पुसली जाते. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये किंचित थांबावे आणि शेवटचे अक्षर पुरे होईपर्यंत मान खाली घालू नये.

याच ठिकाणी आपल्या मुलांना एक प्रश्न हमखास येतो. "अरे वा, तुमचे मराठी इतके चांगले कसे?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसते. पण मूल गोंधळते. कोणी आपण किती पिढ्या कोकणात राहतो याचा इतिहास सांगू लागतो, तर कोणाचा चेहरा आंबट होतो, आणि ती आंबट छटा पुढच्या संवादात उतरते. माझ्या मते याला दोनच शब्दांचे उत्तर पुरे: "घरचीच आहे." हसून म्हणावे आणि कामाला लागावे. ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी आहे, त्यांनीही ती लपवू नये. 'ळ' आणि 'ण' यांचा सराव अवश्य करावा; परंतु तुमचा स्वच्छ तलफ्फुज ही हिंदी कामासाठी मोठी शिदोरी आहे.

१९४२ सालची गोष्ट. युसूफ खान नावाचा तरुण कामाच्या शोधात मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये गेला. पेशावरहून आलेल्या फळव्यापाऱ्याचा हा मुलगा. त्याआधी पुण्यात लष्करी कँटीनमध्ये काम केलेला. ही काही रीतसर ऑडिशन नव्हती. स्टुडिओच्या प्रमुख देविकाराणी यांनी विचारले, उर्दू येते का? येते, म्हणाला. अभिनय केला आहे का? नाही, म्हणाला. हा 'नाही' मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे अशा वेळी शाळेच्या गॅदरिंगमधल्या झाडाच्या भूमिकेचीही यादी वाचली जाते. १९४४ साली 'ज्वार भाटा' आला आणि युसूफ खानचे दिलीपकुमार झाले. नाव बदलणे ही त्या काळातली रीत होती. कुमुदलाल गांगुलींचे अशोककुमारही त्याच स्टुडिओत झाले. पुढे नसीरुद्दीन शाह मात्र आपल्या नावानेच पडद्यावर आले.

बाकीचे थोडक्यात. 'घसा बसला आहे', 'तयारीला वेळ मिळाला नाही' असे रडगाणे गाऊ नये. विचारले तेवढेच सांगावे. ओळख संपली की एक श्वास घ्यावा आणि मग भूमिकेत शिरावे. दोन्ही एकमेकांत मिसळले की दोन्ही बिघडतात. आकाशवाणीच्या आवाज चाचणीत चेहरा उपयोगी पडत नाही, तेथे सगळी भिस्त सावकाश, स्पष्ट बोलण्यावर.

पालकांना एक विनंती. मुलीला, मुलालाही, सोबत करा, जरूर करा; पण तिला नाव विचारले असता उत्तर तुम्ही देऊ नका. वडील बोलले की मुलगी गप्प होते आणि निवडणाऱ्याच्या लक्षात वडीलच राहतात! नाव नोंदविण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर मात्र तेथून मुलाला घेऊन सरळ घरी या. शिक्षण सुटेल ही भीती योग्यच आहे. परंतु दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातसुद्धा पदवी असल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

नकार येतील. अमिताभ बच्चन यांना आकाशवाणीने निवेदक म्हणून घेतले नव्हते, आणि १९६९ साली मृणाल सेन यांनी 'भुवन शोम'साठी तोच आवाज निवेदनाला घेतला.

ज्यांना सराव करायचा असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात यावे. सुरुवात फक्त नाव सांगण्यापासून होईल.