विज्ञानकथांच्या वाचकांची जत्रा

अडतीस वर्षें ज्यानें खेड्यांतील प्राथमिक शाळांत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, ज्याचें स्वतःचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपलीकडे फारसें गेलें नाहीं, त्यानें मंगळावरील माणसांच्या व आकाशांत उडणाऱ्या नागांच्या गोष्टींविषयीं बोलावयास उभें रहावें, हें पाहून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मलाही वाटतें. परंतु २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, ८ तारखेपासून १२ तारखेपर्यंत, स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं जें जागतिक विज्ञानकथा-संमेलन भरलें, त्यास मी हजर होतों. तेथें जें पाहिलें त्यानें मला माझ्या एका जुन्या कृत्याची आठवण झाली. तें कृत्य कोणतें, तें ओघानें येईल.

माझा मुलगा त्या शहरीं नोकरीस आहे. पण या कथांचें वेड त्याला नाहीं, माझ्या सुनेला आहे. तिनें दोन महिने आधींच बजावून ठेवलें होतें, "बाबा, त्या पांच दिवसांत मी घरीं सांपडणार नाहीं, तुम्हीच माझ्याबरोबर चला." मला वाटलें, एखादें पुस्तकांचें प्रदर्शन असेल. इंग्रजी मला वाचतां बऱ्यापैकीं येतें, पण बोललेलें, त्यांतून स्कॉटिश माणसानें बोललेलें, निम्में कानांवरून निसटून जातें. निसटलेलें सूनबाई मागाहून सांगत असे. तेव्हां आज मी जें सांगणार आहें त्यांतील निम्मा वांटा तिचा.

क्लाइड नदीच्या कांठीं एक विस्तीर्ण प्रदर्शनगृह आहे. त्याला लागून असलेलें सभागृह बाहेरून एकावर एक खवले बसविल्यासारखें दिसतें, म्हणून लोक त्यास 'आर्मडिलो' म्हणतात; आपल्या खवल्या मांजराची आठवण व्हावी असा तो एक प्राणी आहे. आंत शिरतांच प्रथम दिसलें तें एक चालतें झाड. त्याच्या मागोमाग रुपेरी अंगरखा घातलेल्या एक सत्तरीच्या बाई, आणि त्यांच्या मागें पाठीला पंख लावलेला एक भरभक्कम गृहस्थ. पंख दारांत अडकूं नयेत म्हणून तो बिचारा आडवा होऊन आंत आला. आमच्या गांवीं पूर्वीं बहुरूपी येत असे. परंतु त्यास सोंग आणावें लागे तें पोटासाठीं. येथें जो तो स्वतःच्या पैशानें सोंग आणतो, आणि पुष्कळदां तें स्वतःच्या हातानें शिवतो. मी आपला पांढरा सदरा व टोपी घालून गेलों होतों. एका मुलीनें अतिशय अदबीनें माझा फोटो घेण्याची परवानगी मागितली (न विचारतां कोणाचा फोटो घेऊं नये असा तेथें दंडक आहे), आणि मी कोणत्या पुस्तकांतील पात्र आहें असेंही विचारलें. सूनबाईनें तिला काय उत्तर दिलें, तें तिनें अद्याप मला सांगितलेलें नाहीं.

या मेळाव्याचें मूळ पाहूं गेल्यास तें टपालाच्या पेटींत सांपडतें. १९२६ सालीं ह्यूगो गर्न्सबॅक या गृहस्थांनीं अमेरिकेंत 'अमेझिंग स्टोरीज' नांवाचें मासिक काढलें. त्यांत वाचकांचीं पत्रें छापीत तीं पत्त्यांसह. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांस परस्पर लिहूं लागले, गांवोगांवीं त्यांचीं मंडळें झालीं. इंग्लंडांत लीड्स शहरीं ३ जानेवारी १९३७ रोजीं अशीं जेमतेम पंधरावीस माणसें एका सभागृहांत जमलीं. पुढें जगप्रसिद्ध झालेले आर्थर क्लार्क हे त्यांत एक. 'जागतिक' हें भारदस्त विशेषण लावून पहिलें संमेलन भरलें तें न्यूयॉर्क येथें, १९३९ च्या जुलै महिन्याच्या २ ते ४ तारखेस. सुमारें दोनशे लोक होते. कॅलिफोर्नियाहून फॉरेस्ट ॲकरमन नांवाचा तरुण व मर्टल डग्लस नांवाची बाई भविष्यकाळांतील माणसांचा पोशाख करून आलीं. ते पोशाख त्या बाईनेंच बेतून शिवले होते. मीं पाहिलेल्या चालत्या झाडाचें बीं तें! त्याच पहिल्या संमेलनांत चालकांनीं विरुद्ध पक्षाच्या सहा तरुणांस दारांतूनच परत लाविलें. त्यांपैकीं फ्रेडरिक पोल आणि सिरिल कॉर्नब्लुथ हे पुढें नामांकित लेखक झाले. संमेलन म्हटलें कीं तट पडावयाचे, हें केवळ आमच्याच भाषेचें भाग्य नव्हे, हें समजून मला थोडें बरें वाटलें. महायुद्धामुळें १९४२ ते १९४५ या चार वर्षांत खंड पडला. एरव्हीं तें दर वर्षीं भरत आलें आहे.

आपल्या साहित्य-संमेलनाशीं तुलना करण्याचा मोह मला आवरला नाहीं. आपल्याकडे व्यासपीठ उंच असतें, त्यावर हार असतात, आणि वाचक खालीं सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसून ऐकतो. तेथें जो वर्गणी भरतो तो सभासद. दाराशीं उभी असलेली मुलगी, फलक लावणारे वृद्ध गृहस्थ, कार्यक्रमाची जुळणी करणारे, हे सारे बिनपगारी, आणि वर आपापली वर्गणी भरून आलेले. सूनबाईनेंही दोन दिवस लोकांना वाट दाखविण्याचें काम केलें, आणि त्या वेळांत मला एका खुर्चीवर बसवून ठेवलें. सन्माननीय पाहुण्यांत केन मॅक्लाउड व नेडी ओकोराफोर यांसारखे लेखक होते हें ठीकच. पण क्लेअर ब्रायली व मार्क प्लमर या दोघांसही तोच मान होता. हीं दोघें कादंबरीकार नव्हेत. हीं वाचक आहेत. वर्षानुवर्षें त्यांनीं हौसेचें एक नियतकालिक चालविलें आणि संमेलनांचीं कामें केलीं. वाचकास वाचक म्हणून मानाच्या खुर्चीवर बसविलेलें मीं आजवर पाहिलें नव्हतें.

व्याख्यानें, चर्चा, चित्रांचें दालन, पुस्तकांची बाजारपेठ, यांविषयीं सांगत बसलों तर वेळ पुरणार नाहीं. एका गोष्टीविषयीं मात्र सांगितलेंच पाहिजे, कारण ती माझ्या धंद्यांतली. प्राथमिक शिक्षक म्हणजे निवडणुकीच्या गाड्याचा हक्काचा बैल. मतदान-केंद्रावर मीं अनेक रात्री काढल्या आहेत. या संमेलनांत 'ह्यूगो' नांवाचीं पारितोषिकें देतात. पहिलीं १९५३ सालीं फिलाडेल्फिया येथें दिलीं, आणि १९५५ पासून तीं दर वर्षीं दिलीं जातात. तीं ठरविण्यास परीक्षक-मंडळ नाहीं. सभासदच नांवें सुचवितात व सभासदच मत देतात, तेंही पसंतिक्रमानें, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा असें लिहून. आमच्या विधानपरिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची रीत हीच. (प्राथमिक शिक्षकास तेथें मत नाहीं, आणि पदवी नसल्यामुळें पदवीधर मतदारसंघांतही मला मत नाहीं; पेटी सांभाळण्यास मात्र मी चालतों.) मतपत्रिकेवर 'कोणासच पारितोषिक नको' असाही एक पर्याय असतो, आणि तो खरोखर विजयी होऊं शकतो; २०१५ सालीं पांच विभागांत तो विजयी झाला. आमच्याकडे २०१३ पासून तशा अर्थाचें बटण आहे, पण लोकसभा-विधानसभेंत त्यास कितीही मतें पडलीं तरी उमेदवारांपैकींच कोणीतरी निवडून येतो.

आदल्या वर्षीं, २०२३ सालीं, हें संमेलन चीनमध्यें चेंगडू येथें भरलें होतें. तेथील मतमोजणीचे आंकडे २०२४ च्या जानेवारींत बाहेर आले, तेव्हां कांहीं लेखक व पुस्तकें कारण न देतां अपात्र ठरविल्याचें दिसून आलें व मोठा गदारोळ झाला. साहजिकच ग्लासगोच्या मोजणीदारांकडे साऱ्यांचे डोळे लागले होते. त्यांनीं संमेलनाआधींच, जुलै महिन्यांत, जाहीर केलें कीं ३,८१३ मतपत्रिका आल्या आणि त्यांतील ३७७ रद्द केल्या. कां? तर कित्येक मतदारांचीं आडनांवें हुबेहूब सारखीं, फक्त पहिलें अक्षर वर्णमालेच्या क्रमानें बदललेलें. आणि कित्येकांचीं नांवें म्हणजे ओळीनें येणाऱ्या अंकांचीं भाषांतरें! शाळेच्या पटावर खोटीं नांवें चढविणारासही याहून अधिक कल्पकता लागते. हीं मतें ज्या एका उमेदवाराच्या बाजूचीं होतीं, त्याचें नांव त्यांनीं उघड केलें नाहीं, त्याला दोषही लाविला नाहीं. मतें तेवढीं वगळलीं, आणि त्यास पारितोषिक मिळालें नाहीं. ज्या गोष्टी कधीं घडल्या नाहींत त्या वाचण्यांत ज्यांचा जन्म जातो, त्यांनीं खऱ्याखोट्याची एवढी चाड बाळगावी! मी आजवर उलट समजत होतों. कल्पित वाचणारा मुलगा लबाड निपजतो, असें आमच्या वेळचे मास्तर म्हणत, आणि त्यांचें ऐकून मीही म्हणत असें.

रविवारीं, ११ तारखेच्या रात्रीं, पारितोषिकें दिलीं गेलीं. उत्कृष्ट कादंबरीचें पारितोषिक एमिली टेश या बाईंस मिळालें. या बाई शाळेंतील मुलांना लॅटिन व ग्रीक शिकवीत आल्या आहेत, असें सूनबाईनें माझ्या कानांत सांगितलें. शिक्षिका! मीं टाळ्या वाजविल्या खऱ्या, पण मन दुसरीकडेच होतें.

त्याचें कारण त्याच दिवशीं सकाळीं घडलें होतें. एका टेबलावर एका वृद्ध गृहस्थांनीं जुनीं वाचक-मासिकें मांडलीं होतीं. पिवळट कागद, शाई पसरलेली, टांचण्या गंजलेल्या. असलें पहिलें मासिक 'द कॉमेट' हें १९३० सालीं शिकागोच्या बाजूस निघालें. पुढें वाचकांनीं आपल्या हातानें अशीं शेंकडों काढलीं, बहुतेक शाळकरी वयांत. ते गृहस्थ म्हणाले, "हा माझा पहिला अंक. वय चौदा. शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर काढला. मास्तरांनीं किल्ली दिली." तो अंक मीं हातांत घेतला. श्रोतेहो, अगदीं आपलें शाळेचें हस्तलिखित! आणि शाळेच्या हस्तलिखिताचा संपादक मी वीस वर्षें होतों.

१९८३ सालची गोष्ट. सातवीच्या एका मुलानें हस्तलिखितासाठीं आठ पानांची गोष्ट आणून दिली. तालुक्याहून सुटलेली एस.टी. घाट चढतां चढतां उतरावयाचें विसरते, आणि तशीच चढत चढत मंगळावर जाते. तेथें पाणी नाहीं, म्हणून उतारू आपापले तांबे व कळशा एकत्र करतात आणि एका म्हातारीस पाण्यावर राखण बसवितात. कंडक्टर तेथेंही सुटे पैसे मागतो. वाचतांना मला हंसूं आलें, आणि तें मीं दाबलें, कारण वर्ग समोर होता. मग पहिल्या पानाच्या माथ्यावर तांबड्या शाईनें लिहिलें: 'असंभवनीय. शुद्धलेखन वाईट. अभ्यासाकडे लक्ष द्यावें.' त्या जागीं 'वेळेचें महत्त्व' हा निबंध घेतला. तो ज्या मुलाच्या नांवावर छापला त्यास तो मींच सांगितला होता. त्या मुलानें पुन्हां कांहीं आणून दिलें नाहीं, आणि सातवीनंतर शाळाही सोडली. पानें परत करावयाचीं राहून गेलीं. निवृत्तीच्या वेळीं तीं कपाटांतून माझ्या ट्रंकेंत आलीं.

त्या काळीं मराठींत असलें कांहीं नव्हतें, अशी सबबही मला सांगतां येत नाहीं. १९७४ सालींच मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' या कथेस पहिलें बक्षीस मिळालें होतें. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. खरे लेखक डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपलीं आद्याक्षरें त्यांनीं उलट्या क्रमानें लाविलीं, आणि अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. हेच नारळीकर पुढें २०२१ च्या नाशिकच्या साहित्य-संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले. केंब्रिजहून आलेला गणिती असली कथा लिहितांना टोपण नांव घेत होता. माझा सातवींतील विद्यार्थी स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या अक्षरांत, स्वतःच्या तालुक्याची एस.टी. घेऊन आला होता.

परत आल्यावर, दिवाळीनंतर, मी तीं आठ पानें घेऊन तालुक्याच्या गांवीं गेलों. तो आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. विहिरींवरील मोटारींचें वाइंडिंग करण्याचें त्याचें दुकान आहे. मला पाहून तो उठला, हात पुसून पायां पडला. मीं पानें पुढें केलीं. त्यानें तीं उलटसुलट केलीं आणि विचारलें, "गुरुजी, हें मीं लिहिलेलं?" त्यास ती गोष्ट मुळींच आठवत नव्हती. मग त्याची नजर पहिल्या पानाच्या माथ्यावर गेली. "हां," तो म्हणाला, "ही लाल शाई मात्र ध्यानांत आहे."

मीं म्हटलें, "अरे, चूक माझी झाली." तो नुसता हंसला व त्यानें चहा सांगितला. तेवढ्यांत एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला, आणि त्यांचें बोलणें सुरू झालें. मी निघालों तेव्हां विचारलें, पानें नेऊं कीं ठेवूं?

"ठेवा, गुरुजी. धाकटी आठवींत आहे, तिला वाचून दाखवतों. पण हें शेवटचं पान फाटलंय. कंडक्टरचं पुढं काय झालं?"

मला तें पाठ होतें. त्या शेतकऱ्याची मोटार तशीच राहिली, आणि मीं त्यास शेवटपर्यंत सांगितलें.