पदवीनंतरचे नव्वद दिवस



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आम्ही मागच्या बाकावर बसून टिपणे काढावीत, असा आमचा पुष्कळ वर्षांचा शिरस्ता. शाळा आम्ही दहावीला सोडली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा अमेरिकेत शिकलेल्या पदवीधरांच्या कामाच्या परवान्याविषयी हा माणूस काय बोलणार, अशी शंका आपणांस आली असेल. ती रास्त आहे. पण हा विषय आम्ही शोधलेला नाही; तो चालत युनियनच्या कचेरीत आला.

आमचे एक सभासद टर्नर आहेत. मुलाने अमेरिकेत एम.एस. केले, त्यासाठी घर गहाण पडले. एका संध्याकाळी ते आले आणि म्हणाले, "दादा, पोराचे एकसष्ट दिवस गेले. एकोणतीस उरले." कसले दिवस, हे आम्हांला कळेना. म्हणून नियम मिळवले आणि शब्दकोश उशाशी ठेवून वाचले.

गोष्ट अशी आहे. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या मुलाला पदवीनंतर, त्याच व्हिसावर, आपल्या विषयातील काम बारा महिने करता येते. या सवलतीला 'ओपीटी' म्हणतात. अर्थ, ऐच्छिक व्यावहारिक प्रशिक्षण. नाव शिक्षणाचे, काम नोकरीचे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना आणखी मुदत मिळते. २००८ साली ही वाढ सतरा महिन्यांची होती. २०१६ पासून चोवीस महिन्यांची झाली. एकूण तीन वर्षे. तेथील 'ओपन डोअर्स' अहवालाप्रमाणे २०२३-२४ साली अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले ९७,५५६ या सवलतीवर होते. आपल्या या गावातून किती, हे समोरच्या रांगांकडे पाहूनच कळते.

आता ते दिवस. पहिल्या बारा महिन्यांत सर्व मिळून नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ बेकार राहता येत नाही. वाढीव मुदत मिळाल्यास त्यांत साठांची भर पडते, एकूण दीडशे. एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतचे दिवसही त्यांतच धरले जातात. ते संपण्यापूर्वी काम मिळाले नाही, तर दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव घालावे, म्हणजे पुन्हा फी, नाहीतर परत यावे.

आमचे वडील मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. सकाळी कार्ड घेऊन फाटकाशी उभे राहावयाचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घर. फाटकाशी उभा असलेला माणूस मजुरी किती हे विचारीत नाही, हे आम्ही लहानपणीच शिकलो. एम.एस. झालेला पोरगाही फाटकाशीच उभा आहे, एवढेच की त्याचे फाटक संगणकाच्या पडद्यावर आहे.

याहून चमत्कारिक म्हणजे पहिल्या वर्षात आठवड्याला निदान वीस तास विनावेतन काम केले, तरी ते काम धरले जाते आणि बेकारीचे दिवस थांबतात. अट एवढीच की ते काम विषयाशी जुळते आणि कामगार कायद्यात बसणारे असावे. वाढीव चोवीस महिन्यांत मात्र पगार हवाच, आणि तो तेथल्या तशाच कामगाराच्या तोडीचा हवा. प्रशिक्षणाच्या योजनेवर मालकाची सही लागते. मुलगा काम सोडून गेला तर मालकाने कामकाजाच्या पाच दिवसांत कॉलेजला कळवावे लागते. पुढे 'एच-वन-बी' हवा तर त्याच्या वर्षाला पंच्याऐंशी हजार जागा, आणि अर्ज करावयाचा मालकाने. अशा मालकाकडे जादा कामाचे पैसे मागावयास जीभ रेटेल काय? कामगार म्हणून युनियनमध्ये जाण्याचा हक्क तेथील कायद्याने परदेशी मुलालाही आहे. पण खिशात दिवस मोजले जात असताना तो हक्क बजावणार कोण?

तेथील कामगारांचीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. पगाराच्या दर शंभर डॉलरमागे, ठराविक मर्यादेपर्यंत, मालक व कामगार यांना प्रत्येकी ७.६५ डॉलर सामाजिक सुरक्षेच्या व वृद्धांच्या औषधोपचाराच्या करापोटी भरावे लागतात. विद्यार्थी-व्हिसावरील परदेशी मुलाच्या बाबतीत साधारणपणे पहिली पाच वर्षे हा कर दोघांनाही माफ. मुलगा खूश, हाती पगार जास्त येतो. मालक अधिक खूश. पी.एफ. वाचावा म्हणून कंत्राटी माणूस ठेवणारे मालक आपण पाहिले आहेत. त्यांची चाल ओळखावयास आम्हांला वेळ लागला नाही.

'वॉशटेक' या तंत्रज्ञ कामगारांच्या संघटनेने ही सवलतच रद्द व्हावी म्हणून दावा लावला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सवलत कायम ठेवली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आमच्या मते त्या संघटनेचे दुखणे खरे, औषध चुकीचे. स्वस्त मजूर हाकलण्याऐवजी त्याला महाग करावयास हवे होते: मालकाकडून कर पुरता घ्या आणि दिवसांची मोजणी सैल करा. कंत्राटी कामगारांना युनियनमध्ये घ्यावे की नाही, यावर आमच्याच सभेत एकदा खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या, तेव्हा दूरच्या मंडळींना फार नावे ठेवीत नाही.

कॅनडाचा परवाना निराळा. तो एका मालकाशी बांधलेला नसतो, आणि तेथे असे नव्वद दिवस नाहीत. पण तो जन्मात एकदाच मिळतो, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला भाषेच्या परीक्षेची अट लागली आहे.

त्या टर्नरच्या मुलाला त्र्याऐंशीव्या दिवशी काम लागले. पगार किती, असे आम्ही विचारले. वडील म्हणाले, "त्यानंही विचारला नाही, दादा."

ज्यांची मुले यंदा निघणार आहेत त्यांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी कॉलेजकडून लेखी विचारून घ्यावे: हा अभ्यासक्रम वाढीव चोवीस महिन्यांच्या यादीत बसतो काय? दलाल हो म्हणेल. त्याचे ऐकू नये. रविवारी सकाळी आम्ही कचेरीत असतो. कागद घेऊन या, मिळून वाचू.